वासराचे जन्मवजन : खुराकाचे किती, रक्ताचे किती?



कालवड पहिल्यांदा गाभण राहिली की घरात दोनच प्रश्न असतात. कधी विणार, आणि सुटेल का नीट. दुसऱ्या प्रश्नावर आपल्याकडे एक उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. सातव्या महिन्यापासून खुराक तोडा, म्हणजे वासरू पोटात फार वाढणार नाही आणि कालवड अडणार नाही.

हा उपाय आमच्या घरीही झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी आमच्या होल्स्टीन संकरित कालवडीला कृत्रिम रेतन केले. तिचे वय तेव्हा पंधरा महिन्यांचे होते. वजन कोणी केले नव्हते, पण जेमतेम दोनशे किलोची असावी. कांडी होल्स्टीनची होती. वळू कोणता, हे आम्ही विचारले नाही. त्या वर्षी दुष्काळ होता. मार्चपासून वडिलांनी तिची पेंड बंद केली आणि नुसता कडबा व उसाचे वाढे चालू ठेवले. पेंड महाग झाली होती हे एक कारण, आणि ‘वासरू आटोक्यात राहील’ हे दुसरे. मी कृषिविद्या शिकवतो. पिकाला खत किती द्यावे हे वर्गात तास तास सांगतो. पण सुट्टीत घरी गेल्यावर त्या कालवडीच्या बरगड्या मोजता येत होत्या, तरी मी काही बोललो नाही. १८ मे २०१९ रोजी ती अडली. पशुवैद्यांनी दोन तास खटपट करून गोऱ्हा ओढून काढला, तो मेलेलाच होता. कांद्याच्या काट्यावर त्याचे वजन भरले ३४ किलो.

अडीच महिने खुराक तोडूनही ३४ किलो. हा आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. पशुपैदास हा माझा विषय नव्हे, म्हणून त्या विषयातील सहकाऱ्यांना विचारत, वाचत गेलो. त्यातून जे समजले ते या लेखात मांडत आहे.

दिवस कसे मोजावेत

गाईचा गाभणकाळ सरासरी २८० दिवसांचा धरतात. रेतनाच्या तारखेत नऊ महिने आणि एक आठवडा मिळवला, की विण्याची अंदाजे तारीख मिळते. १ जानेवारीला फळलेली गाय ८ ऑक्टोबरच्या आसपास विते. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने आणि एक आठवडा.

परंतु ही सरासरी आहे. जातीनुसार तिच्यात फरक पडतो. होल्स्टीन आणि जर्सी २८० दिवसांच्या आतबाहेर वितात. ब्राऊन स्विस ही स्वित्झर्लंडची जात मात्र २९० दिवसांपर्यंत जाते. आपल्या वशिंडाच्या देशी गाई होल्स्टीनपेक्षा बहुधा काही दिवस जास्त घेतात, २८५ ते २९० दिवस झाले तरी त्यात वावगे काही नसते. गोऱ्हा पोटात असेल तर कालवडीपेक्षा एखाद-दुसरा दिवस जास्त लागतो. जुळी असतील तर पाच-सात दिवस आधीच वितात. (जुळ्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर ती कालवड दहातल्या नऊ वेळा वांझ निघते. ती दुधासाठी वाढवण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी.)

तारीख लिहून न ठेवण्याची आपली सवय फार नडते. त्यातही एक गोंधळ नेहमीचा आहे. समजा गाईला १ सप्टेंबरला रेतन केले आणि २२ सप्टेंबरला तिने पुन्हा माज दाखवला म्हणून दुसरे रेतन केले. ती पुढच्या ८ जूनला व्याली. दुसऱ्या तारखेपासून मोजले तर २५९ दिवसच होतात आणि ‘वासरू अपुऱ्या दिवसांचे’ असा समज होतो. पण वासरू पूर्ण वजनाचे असेल, अंगभर केस असतील, पुढचे दुधाचे दात हिरडीबाहेर आले असतील आणि ते तासाभरात उभे राहिले असेल, तर गाय पहिल्याच रेतनाला फळली होती असे समजावे. काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात. दोन वेळी दोन वेगळ्या वळूंच्या कांड्या वापरल्या असतील तर वासराचा बाप कोणता, हेही या हिशेबावरूनच ठरते. यासाठी दोन्ही तारखा आणि दोन्ही कांड्यांचे क्रमांक वहीत हवेत.

खरोखरच २६० दिवसांच्या आत, अशक्त किंवा मेलेले वासरू पडले, तर तो गर्भपात समजून पशुवैद्यांना कळवावे. सातव्या महिन्यानंतरच्या गर्भपातात सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची शंका घ्यावीच लागते. असे वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कारण हा रोग माणसालाही होतो.

विण्याचा दिवस कोण ठरवते?

मला सर्वांत नवल वाटले ते या उत्तराचे. विण्याचा दिवस गाय ठरवत नाही, तो पोटातले वासरू ठरवते. १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये लिगिन्स या शास्त्रज्ञाने मेंढ्यांवर प्रयोग केले. गर्भातील कोकराच्या मेंदूच्या तळाशी असणारी पीयूष ग्रंथी निकामी केली, तर मेंढी दिवस भरून गेले तरी विईना. उलट त्या गर्भालाच ग्रंथीचा स्राव टोचला, तर ती दिवसांआधी व्याली. दिवस भरत आले की कोकराच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते, त्याच्या इशाऱ्याने आईच्या शरीरातील संप्रेरके पालटतात आणि कळा सुरू होतात. गाईतही हीच रीत आहे. ज्या वासरात या ग्रंथी जन्मतःच सदोष असतात, त्याची आई आठवडेच्या आठवडे वर जाते. होल्स्टीन आणि गर्न्सी जातींत असा आनुवंशिक दोष नोंदला गेला आहे.

आता याचा अर्थ पाहा. दिवस वासरू ठरवते आणि वासरात निम्मे रक्त बापाचे असते. म्हणजे गाय किती दिवसांनी विणार, यात वळूचा वाटा असतो! त्याच गाईला एका वर्षी ब्राऊन स्विसची कांडी लावली आणि पुढच्या वर्षी होल्स्टीनची, तर दिवसांत फरक पडेल. तो गाईचा दोष नव्हे.

शास्त्रज्ञ यासाठी ‘आनुवंशिकता’ हे माप वापरतात. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर शंभर गाई असल्या तरी त्यांच्यात फरक असतो. त्या फरकाचा किती भाग रक्तातून येतो, हे या मापाने कळते. गाय फळण्याच्या बाबतीत हा भाग शंभरात पाचाच्याही खाली असतो. तिथे गोठा, खुराक आणि रेतनाची वेळ हेच सर्व काही आहे. दुधाच्या बाबतीत तो पंचवीस-तीस असतो. वासराकडून येणाऱ्या गाभणकाळाच्या दिवसांत तो चाळीसच्या घरात, कधी त्याहूनही वर जातो. जन्मवजनातही तो तीस ते चाळीसच्या आसपास आढळतो. दुधासाठी आपण वळूच्या आईचे वेत विचारतो, आणि वासराचे वजन, जे दुधापेक्षाही अधिक रक्तातून येते, ते मात्र पेंडेची घमेली कमी करून ताब्यात ठेवू पाहतो.

न्यूझीलंडमध्ये गोपालकांनी या गोष्टीचा धंद्यासाठी उपयोग केला आहे. तिथे सर्व गाई गवताच्या हंगामात एकदम विणे गरजेचे असते. उशिरा फळलेल्या गाईंना तिथे मुद्दाम कमी दिवसांच्या वळूंचे वीर्य वापरतात, त्यामुळे वासरे आठ-दहा दिवस आधी येतात. पण ती वासरे कळपात ठेवण्यासाठी नसतात. आपल्याकडे असा खटाटोप करण्याचे कारण नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की शेवटच्या आठवड्यांत वासरू पोटात रोज पाव ते अर्धा किलो वाढत असते. जो वळू दिवस लांबवतो, तो वजनही वाढवतो.

वजनात बापाचा वाटा आणि आईचे घर

जन्मवजनात दोन गोष्टी एकत्र येतात. वासराला दोन्हीकडून आलेले रक्त ही एक. दुसरी, ज्या गर्भाशयात ते वाढते ते आईचे घर. घर लहान असेल तर मोठ्या रक्ताचे वासरूही दबून राहते.

हे सर्वांत ठसठशीत दाखवणारा प्रयोग इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे वॉल्टन आणि हॅमंड यांनी घोड्यांवर केला. तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. शायर हा धिप्पाड ओढकामाचा घोडा आणि शेटलंड हे बुटके तट्टू. त्यांनी शायर घोडीला शेटलंडचे आणि शेटलंड घोडीला शायरचे वीर्य दिले. दोन्हीकडच्या शिंगरांत रक्त सारखेच, निम्मे-निम्मे. पण शायर घोडीचे शिंगरू जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे निघाले. बुटकी घोडी अडली नाही, कारण तिच्या गर्भाशयाने शिंगराला तिच्या आकाराच्या बेतातच ठेवले.

आपल्याकडे संकरीकरण सुरू झाले तेव्हा ‘एवढ्या मोठ्या परदेशी वळूचे वीर्य आमच्या डांगी, देवणी, खिलार गाईला कसे सोसेल’ अशी भीती होती. देशी गाईचे वासरू साधारण १८ ते २५ किलोचे, जर्सीचेही तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि होल्स्टीनचे ३५ ते ४५ किलोचे. भीती रास्त होती. पण पूर्ण वाढलेल्या देशी गाईंनी होल्स्टीनची संकरित वासरे बहुतांशी विनासायास दिली. देशी गाईचे गर्भाशय वासराला आवरून धरते, हे त्यामागचे कारण आहे.

याची उलट बाजू मात्र कमी लोकांना माहीत असते. अमेरिकेतील ब्राह्मण ही गोजात आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गाईबैलांपासून तयार झाली. ब्राह्मण वळू हेरेफर्डसारख्या युरोपीय जातीच्या गाईला दिला, तर वासरे अपेक्षेपेक्षा बरीच जड होतात, दिवसही लांबतात, आणि गोऱ्हे तर फारच जड निघतात. तोच संकर उलटा केला, ब्राह्मण गाय आणि युरोपीय वळू, तर वासरे हलकी होतात. सध्या अनेक शेतकरी होल्स्टीन संकरित गाईंना पुन्हा गीर किंवा साहिवालची कांडी लावू लागले आहेत. ते वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आपल्या संकरित गाईत आधीच देशी रक्त असते, त्यामुळे परिणाम एवढा तीव्र होणार नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्यापासून तयार केलेली फुले त्रिवेणी तर मुळातच तीन रक्तांची आहे. पण ‘देशी वळू म्हणजे वासरू लहान’ हा ठोकताळा भरपूर परदेशी रक्ताच्या गाईत चालत नाही. असा संकर तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईवर करावा, पहिलारू कालवडीवर नको.

पहिलारूचा प्रश्न वेगळा आहे. तिचे वासरू पुढच्या वेतांपेक्षा दोनेक किलोंनी हलकेच असते, तरीही अडण्याचे प्रमाण तिच्यातच सर्वांत जास्त. कारण कमरेच्या हाडांचा मार्ग अजून वाढलेला नसतो. म्हणून पहिले रेतन वयावर न करता वजनावर करावे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के वजन कालवडीने गाठलेले असावे. होल्स्टीन संकरितात ते सुमारे २५० ते २७५ किलो येते. वजनकाटा नसेल तर टेप घ्यावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ६० इंच आणि लांबी ४८ इंच असेल तर वजन सुमारे २६२ किलो येते. अशी कालवड रेतनास योग्य. आमच्या कालवडीला हा टेप लावला असता तर आणखी पाच-सहा महिने थांबावे लागले असते.

गोऱ्हा कालवडीपेक्षा पाच ते आठ टक्के जड असतो, म्हणजे दोन-अडीच किलो. लिंग-निर्धारित वीर्याच्या कांड्या आता आपल्याकडेही मिळतात आणि त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. लोक त्या दूध वाढवण्यासाठी घेतात. पहिलारूसाठी त्यांचा हा दुसरा फायदाही आहे. मात्र साध्या कांडीपेक्षा फळण्याचे प्रमाण थोडे कमी असते, म्हणून माज बरोबर ओळखून, निरोगी आणि वजनदार कालवडीतच ती वापरावी.

खुराक तोडल्याने काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वासराच्या जन्मवजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. यावरूनच ‘तेव्हा खुराक तोडावा’ हा तर्क निघाला असावा. तर्क चुकीचा वाटत नाही, म्हणून तो टिकलाही. पण तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात माइल्स सिटी येथील संशोधन केंद्रावर १९७० च्या दशकात पहिलारू कालवडींचे गट करून विण्यापूर्वीचे तीन महिने कमी आणि भरपूर असा वेगवेगळा खुराक दिला. कमी खुराकावर वासरांचे वजन थोडेसे घटले. पण अडण्याचे प्रमाण घटले नाही, आणि व्याल्यानंतर त्या कालवडी पुन्हा गाभण राहण्यात मागे पडल्या.

असे का होते, हे पिकाशी ताडून पाहिले तर लवकर उमजेल. कणीस भरताना जमिनीतून अन्न कमी पडले, तर झाड आपल्या पानांतले अन्न उचलून दाण्यात घालते. दाणा थोडाच बारीक होतो, पण पाने मात्र पिवळी पडून करपतात. गाभण कालवडही तसेच करते. वासरू आपला वाटा आईच्या अंगावरून ओढून घेते. वजन किलो-दोन किलोने घटेल, पण आईचे मांस उतरते, कळा देण्याची ताकद जाते, चीक पातळ होतो, आणि व्याल्यावर माज महिनोन् महिने लांबतो. आमची कालवड जगली. पण पुन्हा माजावर यायला तिने आठ महिने घेतले.

याच्या उलट टोकही वाईट. शेवटच्या महिन्यांत पोतेच्या पोते खुराक घालून कालवड लठ्ठ केली, तर चरबी जननमार्गाच्या आत साचून वाट अरुंद होते. जनावर मध्यम अंगाचे असावे. शेवटच्या एक-दोन बरगड्या जेमतेम दिसाव्यात, पाठीचा कणा टोचू नये. यासाठी चांगल्या हिरव्या-वाळलेल्या चाऱ्याबरोबर शेवटच्या दोन महिन्यांत दीड ते दोन किलो खुराक आणि थोडे खनिज मिश्रण बहुतेक संकरित जनावरांना पुरते. दुधावरची गाय विण्याआधी दोन महिने आटवलीच पाहिजे.

चाऱ्याबाबत, माझा विषय म्हणून, दोन शब्द अधिक लिहितो. नुसत्या कडब्यात प्रथिने शेकडा तीन-चारच असतात, आणि उन्हात पांढऱ्या पडलेल्या कडब्यात कॅरोटीन जवळपास उरतच नाही. कॅरोटीनपासून जनावर जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. ते महिनोन् महिने मिळाले नाही, तर गाय दिवसांआधी विते, वार पडत नाही, वासरे अशक्त आणि कधी आंधळी जन्मतात. वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीरातला चुना बांधून टाकते, म्हणून दुष्काळात किंवा छावणीत गाभण जनावर केवळ वाढ्यांवर असेल तर खनिज मिश्रण आवर्जून द्यावे. गाभण जनावरापुरता एक-दोन गुंठे लसूणघास पाण्याच्या कडेला असावा. रोज पाच-सात किलो हिरवा लसूणघास मिळाला तरी कॅरोटीनची चिंता मिटते. एक सावधगिरी हवी. युरियाचा भरपूर हप्ता घेतलेली आणि नंतर पाण्याअभावी खुंटलेली ज्वारी किंवा नेपियर गाभण जनावराला घालू नये. अशा चाऱ्यात नायट्रेट साचते आणि त्यामुळे गर्भपात होऊ शकतो.

भाकड जनावर आणि उन्हाळा

गोठ्यात सावली थोडी असली तर ती दुधावरच्या गाईला मिळते आणि आटवलेली गाय बाभळीच्या विरळ सावलीत बांधली जाते. दूध देत नाही, मग तिचे काय अडले, असे आपल्याला वाटते. अमेरिकेतील फ्लोरिडा हे राज्य आपल्या कोकणासारखे उष्ण आणि दमट आहे. तिथल्या विद्यापीठात आटवलेल्या गाईंचे दोन गट केले. दोन्हींना सावली दिली, पण एकाच गटाला पंखे आणि पाण्याचे फवारे दिले. ज्यांना ते मिळाले नाहीत त्या गाई सरासरी काही दिवस आधी व्याल्या आणि त्यांची वासरे चार-पाच किलोंनी हलकी निघाली. उष्णतेत गाय कातडीकडे रक्त जास्त नेते आणि गर्भाशयाकडे कमी. वारेची वाढ खुंटते. ही हलकी वासरे अडत नाहीत हे खरे. पण चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये ती नीट शोषून घेत नाहीत, आणि त्यातल्या कालवडी मोठ्या झाल्यावर पहिल्या वेतात दूधही कमी देतात, असे तिथे आढळले. पोटातल्या दोन महिन्यांची झळ दोन वर्षांनी बादलीत दिसते.

थंडीत उलटे घडते. अमेरिकेच्याच नेब्रास्का राज्यात कडाक्याच्या हिवाळ्यानंतर जन्मलेली वासरे सौम्य हिवाळ्यानंतरच्या वासरांपेक्षा जड भरली, कारण थंडीत रक्त कातडीकडून आत वळते.

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात ऑगस्टच्या मध्यास फळलेली गाय मेच्या अखेरीस विते. तिचे शेवटचे दोन महिने म्हणजे नेमके एप्रिल आणि मे. तिला रेतन करू नये असे नाही, पण मार्च लागण्यापूर्वीच तिच्या जागेचा विचार व्हावा. छपरावर तुराट्या किंवा उसाचे पाचट टाकणे, दुपारी दोनदा अंगावर पाणी मारणे, पिण्याचे पाणी दिवसभर समोर ठेवणे, एवढे घरच्या घरी करता येते. म्हशीला तर घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी. तिला डुंबायला पाणी किंवा भिजवलेले पोते हवेच.

रेतनाच्या वेळी

वजनातला मोठा भाग कांडीतून येतो, तर आवरही तिथेच घालता येतो. रेतन करणारे दारात आले, की जात, वळूचा क्रमांक आणि त्या वळूची वासरे वजनाने कशी पडतात, हे तिन्ही विचारावे. परदेशी वळूंच्या पुस्तिकांत सुलभ प्रसूतीचा आकडा स्वतंत्र दिलेला असतो. पहिलारूसाठी तो चांगला असलेलाच वळू मागावा. तशी माहिती नसेल तर लहान चणीच्या संकरित कालवडीला जर्सी हा बिनधोक मार्ग आहे. दुधाचे लिटर कमी होतील म्हणून काही शेतकरी नाखूश असतात. पण पहिले वेत सुखरूप झाल्यावर पुढच्या वेताला हवी ती कांडी लावता येते. मेलेल्या वासराच्या आणि आठ महिने माजावर न आलेल्या कालवडीच्या हिशेबात ते लिटर बसत नाहीत.

विण्याच्या वेळी पाण्याची पिशवी फुटली आणि दीड-दोन तासांत काहीच पुढे सरकले नाही, तर पशुवैद्यांना बोलवावे. चार माणसांनी दोर बांधून ओढू नये. गाय २९० दिवसांच्या आणि म्हैस ३२० दिवसांच्या पुढे गेली व कास भरण्याचे चिन्ह नसेल, तरी दाखवून घ्यावी. देशी गाय किंवा ब्राऊन स्विसचे रक्त असेल तर चार-पाच दिवस जास्त द्यावेत. कळा आणण्याचे इंजेक्शन दुकानातून आणून स्वतः देऊ नये. दिवसांचा हिशेब चुकला असेल तर कच्चे वासरू बाहेर येते.

वासरू पडल्यावर त्याचे वजन घ्यावे. घरात माणसांचा वजनकाटा असेल तर आधी आपण उभे राहावे, मग वासरू उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. चीक किती पाजायचा हे यावरूनच ठरते. पहिल्या दिवसभरात वजनाच्या एक दशांश चीक पोटात गेला पाहिजे, त्यातला मोठा भाग पहिल्या दोन तासांत.

आमच्या त्याच गाईला १० मार्च २०२० रोजी जर्सीची कांडी लावली. वळूचा क्रमांक मी स्वतः वहीत उतरवला. उन्हाळाभर ती चिंचेखाली होती, ऑक्टोबरपासून लसूणघास आणि दोन किलो खुराक चालू होता. शेजाऱ्यांनी वडिलांना विचारले, एवढे चारताय, पुन्हा अडली तर? १३ डिसेंबरच्या पहाटे, २७८ व्या दिवशी, आम्ही गोठ्यात पोचेपर्यंत ती विऊन वासराला चाटत होती. कालवड होती, वजन २४ किलो. वडिलांनी लोट्याने मोजून दोन लिटर चीक पाजला आणि उरलेला दुपारसाठी झाकून ठेवला.